संविधानाची पंचाहत्तरी आणि आपल्या गावची विहीर

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतीय संविधान अंगीकारल्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. केंद्र सरकारने 'हमारा संविधान, हमारा स्वाभिमान' ही मोहीम काढली. महाराष्ट्र शासनाने 'घर घर संविधान' कार्यक्रम राबवला. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे सगळीकडे उद्देशिकेचे सामूहिक वाचन झाले, प्रभातफेऱ्या निघाल्या, निबंध स्पर्धा झाल्या. आम्ही वस्त्यांमध्ये आणि वसतिगृहांमध्ये काम करतो, त्यामुळे अशा दहा-बारा कार्यक्रमांना पाहुणे म्हणून आम्हालाही बोलावणे आले. आम्ही गेलो, बोललो, पुष्पगुच्छ घेऊन परत आलो. खोटे कशाला सांगायचे, त्यातल्या बहुतेक कार्यक्रमांत आम्ही काय बोललो ते आज आम्हालाच आठवत नाही.

आठवते ते दुसरेच. या अमृत महोत्सवी वर्षाला सुरुवात होऊन अवघे चौदा दिवस झाले होते. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, त्यात झालेली तोडफोड, त्यानंतर भीमनगरांमध्ये शिरून केलेली धरपकड आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू. त्या आठवड्यात आमच्या अभ्यासवर्गात एकाने विचारले, "दादा, एकीकडे उद्देशिका पाठ करायला लावतात आणि दुसरीकडे आपल्याच पोरांवर लाठी. मग आपण ही पंचाहत्तरी साजरी करायची की नाही?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो आहोत. साजरी जरूर करायची. ती शासनाच्या परिपत्रकाची वाट न बघता आणि आपल्या घराजवळून करायची.

संविधानाची जी गोष्ट आपल्याला शाळेत सांगितली जाते ती दिल्लीत सुरू होते आणि दिल्लीतच संपते. संविधान सभा, जवळपास तीन वर्षे चाललेले कामकाज, मसुदा समिती, २६ नोव्हेंबर १९४९. यातले सगळे खरे आहे. पण अशी गोष्ट ऐकली की संविधान हे वरून आलेले दान वाटू लागते. परभणीच्या, बीडच्या, धुळ्याच्या पोराला त्यात आपला आजा-पणजा कुठेच दिसत नाही. आमचे म्हणणे असे आहे की संविधानातील कितीतरी कलमांचा पत्ता आपल्याच राज्यात आहे. त्या पत्त्यावर एसटीने जाता येते.

पंधराव्या कलमाचे दुसरे पोटकलम घ्या. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे येथे अटकाव करता येणार नाही, आणि सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यापासूनही रोखता येणार नाही, असे ते सांगते. जगातल्या एखाद्या राज्यघटनेत मूलभूत हक्कांच्या भागात 'विहीर' आणि 'तलाव' हे शब्द का यावेत? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हा प्रश्न नसतो.

त्याचे उत्तर महाडात आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातील चौदा जण महाडला गेलो. मुद्दाम २० मार्च टाळला. त्या दिवशी गर्दीत अभिवादन होते, पुस्तकांचे स्टॉल बघणे होते, पण तळ्याच्या काठावर शांत बसणे होत नाही. पावसात तळे भरलेले होते. आमच्यात एमपीएससीची तयारी करणारी एक मुलगी होती. तिला पंधरावे कलम पोटकलमांसह तोंडपाठ. पायऱ्यांवर बसून आम्ही ते तिला म्हणायला सांगितले. 'विहिरी, तलाव' येथपर्यंत ती आली आणि थांबली. समोर बघत म्हणाली, "म्हणजे हाच तो तलाव." आम्ही कित्येक वर्षे अभ्यासवर्ग घेतो, पण आमच्या कोणत्याही भाषणाने हे काम केले नव्हते.

महाडची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे असे आपण समजतो. आमचा अनुभव आहे की आपल्याला तिचा एकच दिवस माहीत असतो. तिची सुरुवात मुंबईच्या कायदेमंडळात झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव. त्यातली 'सार्वजनिक पैसा' ही कसोटी लक्षात ठेवा. पुढे पंधराव्या कलमात आपल्याला तीच भेटते. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे खुले केले. ते कागदावर. प्रत्यक्षात कुणी पाण्याला हात लावू शकत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा त्या परिषदेसाठीच पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. तळे भरलेले, ठराव झालेला, आणि पाणी विकत.

२० मार्चला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर वीरेश्वर मंदिरात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. मग १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण-गोमूत्र, दूध-दही मिसळून तळ्याची 'शुद्धी' झाली. नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तारीख होती ४ ऑगस्ट १९२७. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. ते जन्माने ब्राह्मण होते हे आजच्या समाजमाध्यमांवरच्या भांडणात कुणी सांगत नाही. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, आणि ज्यांनी गावोगाव फिरून परिषद उभी केली ते रामचंद्र बाबाजी मोरे, ही नावे तरी आपल्यातल्या किती जणांना सांगता येतील? आम्ही आमच्या गटात विचारले. चौदातल्या दोघांना.

पण आम्हाला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो त्यानंतरच्या दहा वर्षांनी. मनाई हुकूम होता म्हणून डिसेंबरात जमलेल्या हजारो लोकांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून तळ्याला हात न लावता नुसती मिरवणूक काढली. ते किती कठीण गेले असेल याची कल्पना करा. मग खटला चालला. १९३१ मध्ये निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. प्रतिपक्षाने अपील केले. १९३३ मध्ये तेही फेटाळले गेले. ते उच्च न्यायालयात गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून अपील फेटाळले. तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायला काही क्षण लागले. ते पाणी प्यायचा हक्क न्यायालयातून निर्विवाद व्हायला दहा वर्षे लागली.

२० मार्चला आणि २५ डिसेंबरला आपण महाडला जातो. १७ मार्चला कुणी जात नाही. आम्ही ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या काही प्रकरणांत पीडित कुटुंबांबरोबर न्यायालयाच्या तारखांना जातो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत मोर्चातले लोक पांगतात. साक्षीदार फुटतात. गावात राहायचे असते म्हणून कुटुंबावर तडजोडीचा दबाव येतो. अशा वेळी कार्यकर्त्याला मोर्चातले महाड फार उपयोगी पडत नाही, खटल्यातले महाड उपयोगी पडते. आम्ही एका ताईंना ही दहा वर्षांची हकीकत न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून सांगितली होती. त्यांनी फक्त विचारले, "बाबासाहेब स्वतः त्यात प्रतिवादी होते?" होते. खटल्याच्या नावातच ते आहेत.

महाड हे एकच ठिकाण नव्हे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात आपले जे अनुभव लिहून ठेवले, त्यातली कितीतरी ठिकाणे आजच्या महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरली आणि ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, ते मसूर. १९२९ मध्ये एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने तो हाकला आणि बाबासाहेब खाली पडून पाय मोडून बसले, ते चाळीसगाव. तेव्हा ते बॅरिस्टर होते आणि सरकारी समितीच्या कामासाठी धुळे रेल्वेमार्गावरील एका गावाला जाऊन आले होते. आणि १९३४ मध्ये वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला बघायला थांबलेल्या त्यांच्या तुकडीने धुळीने माखलेले हातपाय धुतले, म्हणून तळे बाटवल्याची ओरड झाली, तो दौलताबाद. तिथे ओरड करणारे मुसलमान होते. महाडला जागा देणारे फत्तेखानही मुसलमान होते. इतिहास आपल्या सोयीने चालत नाही, तो दोन्ही ठिकाणी जाऊन बघावा लागतो.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपासचे किती तरुण दौलताबादला सहलीला गेले असतील! चांदमिनारासमोर फोटो काढून येतात. संविधानातले 'तलाव' आणि आपण आत्ताच ज्याच्या शेजारून गेलो ते तळे यांचा संबंध कुणी सांगितलेला नसतो. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, बोले ठराव तिथे लागू नव्हता, हेही नसते सांगितलेले.

कोल्हापूरच्या तरुणांना सोळाव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमासाठी दूर जायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानातील पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या आणि २१-२२ मार्च १९२० ला माणगावच्या परिषदेत तरुण आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले. नाशिककरांसाठी पंचविसावे कलम आणि २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आहे. पुण्यात तर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडा डोळ्यांसमोर कोसळत राहिला, वाद न्यायालयात अडकला आणि स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला गेला. नवे स्मारक होईल. मूळ भिंती आता बघायला मिळणार नाहीत.

यातले तेविसावे कलम मात्र असे आहे की त्याचा पत्ता कोणत्याही स्मारकावर नाही. वेठबिगारीला बंदी घालणारे हे कलम. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातील मुंढवा येथील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांनी टीव्हीवर 'महार वतन' हा शब्द ऐकून आम्हाला विचारले, हे काय असते? बारावी झालेली, पदवी घेतलेली मुले. त्यांच्याच पणजोबांनी ज्या कामापायी रात्री-अपरात्री उठून गावोगाव टपाल पोचवले, सरकारी पाहुण्यांचे सामान वाहिले, मेलेली जनावरे ओढली, त्या कामाचे नाव त्यांना बातम्यांतून कळले.

वतन म्हणजे वरकरणी मान आणि जमिनीचा तुकडा. प्रत्यक्षात चोवीस तासांची बांधिलकी आणि बलुत्यासाठी दारोदार उभे राहणे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. ते त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्या कायद्याने जमिनी मूळ वतनदारांना पुन्हा देण्याची तरतूद झाली, पण त्या नवीन शर्तीच्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. सातबाऱ्यावर आजही 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'इनाम वर्ग ६ ब' अशा नोंदी सापडतात. आपल्या घरात कपाटाच्या तळाशी असलेला तो जुना कागद हा संविधानाच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे आणि त्याच वेळी तो आपल्या हक्काचा पुरावाही आहे. किती कुटुंबांच्या अशा जमिनी कुणाच्या तरी ताब्यात गेल्या आहेत, हे फेरफार काढल्याशिवाय कळणार नाही. म्हणून आम्ही म्हणतो की इतिहास शोधायला तलाठी कार्यालयातही जावे लागते.

इथे एक कौतुक आणि एक तक्रार, दोन्ही सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांनी लेण्यांच्या बाबतीत जे केले आहे त्याला तोड नाही. रविवारी उठून जुन्नर, कार्ले, कान्हेरी गाठायचे, साफसफाई करायची, धम्मलिपी शिकून शिलालेख वाचायचे. 'पांडवलेणी' म्हणणाऱ्यांना त्रिरश्मी हे शिलालेखातले नाव ठणकावून सांगायचे. महाडला गेलो तेव्हा आमच्यातल्या अशाच एका तरुणाच्या आग्रहाने आम्ही गांधारपाले लेणीही बघून आलो. तो पायऱ्या चढता चढता सांगत होता की प्राचीन दानलेखांत 'पोढी' हा शब्द येतो, पोढी म्हणजे पाण्याचे टाके. भिक्खूंसाठी आणि वाटसरूंसाठी लोक पाण्याचे टाके खोदून दान देत.

आम्ही त्याला विचारले, तुझी आजी लहानपणी कोणत्या विहिरीचे पाणी प्यायची? त्याला माहीत नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वीची पोढी माहीत होती, सत्तर वर्षांपूर्वीची विहीर माहीत नव्हती. यात त्याचा दोष नाही. आपल्या घरांमध्ये त्या आठवणी मुद्दाम सांगितल्या जात नाहीत. म्हाताऱ्या माणसांना वाटते, पोरांना कशाला तो अपमान. आणि आम्हा कार्यकर्त्यांना वाटते, विचारू कधीतरी.

हे 'कधीतरी' महागात पडते. आमच्या भागात एक काका होते. ऑक्टोबर १९५६ मध्ये वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेले. दोन वर्षे आम्ही एकमेकांना म्हणत होतो की त्यांचे बोलणे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवू. जयंतीची वर्गणी, मिरवणुकीची परवानगी, साउंडवाल्याची बोली यात आमचे दोन एप्रिल गेले. काका गेले तेव्हा त्यांच्या जलदान विधीला आम्ही सगळे होतो आणि त्यांच्या आवाजाची एक मिनिटाचीही फीत कुणाकडे नव्हती. १९५६ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. हा हिशेब प्रत्येक वस्तीने आपापला करावा.

या १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षेला सत्तर वर्षे होतील आणि २० मार्च २०२७ ला महाडच्या सत्याग्रहाची शताब्दी आहे. शासन समिती नेमेल, निधी जाहीर होईल, मोठे मंडप पडतील. त्यात आपल्या संघटनांमध्ये स्टेज कुणाचे यावरून भांडणही होईल, हे लिहायला वाईट वाटते पण होईल. आमच्या गटाने तोपर्यंतचे आपले काम ठरवून टाकले आहे. प्रत्येकाने आपल्या मूळ गावी जायचे. गावात पाणवठे कोणते होते, कुणाला कुठून पाणी मिळत असे, आपल्या लोकांसाठी सार्वजनिक विहीर कधी आणि कशी खुली झाली, हे किमान दोन वयस्कर माणसांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहायचे आणि रेकॉर्ड करायचे. त्यातली एक तरी बाई असावी, कारण पाण्याला बायाच जात होत्या. सोबत घरातल्या वतनाच्या जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार काढायचे. अजून फारसे जमलेले नाही. चौदातल्या पाच जणांचे कागद आले आहेत.

त्यात गांधारपालेच्या पायऱ्यांवरच्या त्या तरुणाचाही आहे. त्याची आजी आधी बोलायलाच तयार नव्हती. "काय करायचंय तुला त्या विहिरीचं, आता नळ आलाय ना?" मग एका संध्याकाळी स्वतःहून सांगू लागली. गावविहिरीच्या थारोळ्यावर चढायचे नाही, खाली उभे राहायचे, कुणी वरून ओतले तर घागर भरायची. कधी अर्धा दिवस उभे राहावे लागे. बाहत्तरच्या दुष्काळात वस्तीतली विहीर आटली तेव्हा बाया पहिल्यांदा गावविहिरीवर चढल्या, असे ती सांगते. पुढे काय झाले ते सांगताना ती थांबते, आणि तो तिला घाई करत नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्या विहिरीची नोंद आहे. ती आपल्या लोकांना केव्हा खुली झाली याची नोंद त्याला अजून सापडलेली नाही. पुढच्या आठवड्यात तो तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज देणार आहे.